म्युझियॉलॉजीचं पीजी केलं त्याचा अनुभव, नागपूर ते बडोदा आणि परत

माझ्या मैत्रिणीची धाकटी बहीण यंदा बीएससी झाली, तिला म्युझियममध्ये काम करायचंय आणि घरचे विचारताहेत की असलं काही शिक्षण असतं तरी का. असतं. मी केलंय, आता त्याच कामात आहे, म्हणून एकदाचं सगळं सविस्तर लिहून टाकते, कारण मी शोधत होते तेव्हा नागपूरहून हे शिकायला गेलेलं कोणी मला भेटलंच नव्हतं.

मी इथलीच, शाळा-कॉलेज सगळं नागपुरात, बीएससीला केमिस्ट्री आणि झूलॉजी. म्युझियम म्हटलं की आपल्याकडे पटकन दोन नावं निघतात, सिव्हिल लाइन्समधला अजब बंगला आणि गांधीसागरासमोरचं रमण विज्ञान केंद्र, फार तर कोणी मोतीबागचं नॅरोगेज रेल्वेचं म्युझियम सांगतं. अजब बंगला म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ सालचं, देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक, आणि आपण सगळे लहानपणी तिथं भुसा भरलेले प्राणी बघायला गेलेलो असतो. कॉलेजात असताना मी तिथल्या संग्रहाबद्दल वाचायला लागले आणि गुंगेरियाच्या ठेव्यापाशी अडकले. बालाघाट जिल्ह्यातलं गुंगेरिया गाव, १८७० साल, गुरं चारणाऱ्या पोरांना जमिनीतून धातू वर आलेला दिसला, खणलं तर तांब्याची ४२४ हत्यारं-अवजारं आणि चांदीच्या १०२ पातळ चकत्या निघाल्या, नुसतं तांबंच पावणेचारशे किलोच्या आसपास. पुढे तो ठेवा वाटला गेला, काही वस्तू नागपूरला आल्या, काही थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. केमिस्ट्रीवाली असल्यामुळे पहिला प्रश्न मला हाच पडला की एवढी हजारो वर्षं मातीत राहून तांबं टिकलं कसं. पण मग दुसरा प्रश्न पडला आणि तो जास्त छळायला लागला, की आज एखादी तांब्याची कुऱ्हाड हातात घेतली तर ती गुंगेरियाचीच आहे हे कशावरून? कुऱ्हाडीवर तर लिहिलेलं नसतं. ते कोणीतरी तेव्हा वहीत लिहून ठेवलं, त्या वस्तूला नंबर दिला, ती वही दीडशे वर्षं कोणी कोणी जपली, म्हणून आपल्याला कळतं. या सगळ्या कामाला म्युझियॉलॉजी म्हणतात आणि त्यात पीजी करता येतं हे मला शेवटच्या वर्षाला कळलं.

घरी सांगितल्यावर आत्या म्हणाली, "काऊन वं, एमएस्सी करून बीएड करून टाक ना, तिकडं जुने गोटे मोजाले कायले जाऊन राहिली?" तिची काळजी खरी होती, तिच्या दोन्ही मुली शिक्षिका आहेत आणि सुखात आहेत. बाबा एवढंच म्हणाले की दोन वर्षं मी बघतो, पण नंतर नोकरी कुठं कुठं असते ते आधी शोधून ये. हे त्यांचं म्हणणं मला आजही सगळ्यात योग्य वाटतं, म्हणून तुम्हीही आधी तेच करा.

आता कुठं शिकायचं. पुरातत्त्वाची ओढ असेल, म्हणजे उत्खननाला जायचं, खापरं धुवायची, साइटवर महिना महिना तंबूत राहायचं असं काही डोक्यात असेल तर नागपूर सोडायची गरजच नाही. आपल्या विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग म्हणजे मिराशींचा विभाग, वाकाटकांवर ज्यांनी आयुष्य घातलं ते वासुदेव विष्णू मिराशी. पवनीचा स्तूप, माहुरझरीची शिळावर्तुळं या उत्खननांत या विभागाचा हात आहे. पण मला वस्तू जमिनीतून बाहेर आल्यानंतर तिचं काय होतं यात रस होता, आणि तो अभ्यास वेगळा. त्यासाठी बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आहे, तिथला म्युझियॉलॉजी विभाग १९५२ सालचा, देशातला पहिला. कलकत्ता विद्यापीठात आहे, बनारस हिंदू विद्यापीठात आहे, अलीगढला आहे. दिल्लीचं नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूट १९८९ ला अभिमत विद्यापीठ झालं, ते आता नोएडाला आहे आणि इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज म्हणून ओळखलं जातं, तिथं कलेतिहास, कॉन्झर्व्हेशन म्हणजे वस्तूंचं जतन-दुरुस्ती, आणि म्युझियॉलॉजी यांचे वेगवेगळे एमए आहेत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय म्हणजे जुनं प्रिन्स ऑफ वेल्स, त्यांचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, आणि ज्यांना दोन वर्षं द्यायची नाहीत किंवा आधीच इतिहासात एमए झालंय त्यांच्यासाठी मला तो फार चांगला वाटतो कारण शिकायचं ते चालू म्युझियमच्या आवारातच.

मी बडोदा निवडलं त्याची कारणं तीन-चार होती आणि सगळी सारख्याच वजनाची नव्हती. एक म्हणजे बीएससीवाल्यांनाही दार उघडं होतं. दुसरं म्हणजे प्रेरणा एक्सप्रेस, नागपुरात बसायचं आणि बडोद्याला उतरायचं, आईला या गोष्टीचा फार आधार वाटला. तिसरं म्हणजे गायकवाडांचं शहर, दांडिया बाजारात आजही मराठी ऐकू येतं. पण खरं कारण हे की तो विभाग फाइन आर्ट्स फॅकल्टीत आहे, बाजूच्या इमारतीत मुलं शिल्पं घडवताहेत, प्रिंट काढताहेत, आणि थोड्या अंतरावर कमाटीबागेत १८९४ ची इमारत असलेलं बडोदा म्युझियम अँड पिक्चर गॅलरी. वर्गात जे ऐकलं ते संध्याकाळी जाऊन बघता येत होतं. पीजी निवडताना बाकी काही बघा न बघा, एवढं नक्की विचारा की विद्यार्थ्यांच्या हातात खऱ्या वस्तू येतात का, किती येतात, आणि कोणाच्या देखरेखीखाली. नुसत्या पीपीटीवर म्युझियॉलॉजी शिकता येत नाही.

प्रवेशाचं प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं आणि नियम बदलत राहतात, त्यामुळे त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाचणं हाच उपाय. मला इंटरव्ह्यूत विचारलं होतं की तुमच्या गावच्या म्युझियममध्ये तुम्हाला एकच बदल करायला दिला तर काय कराल. मी म्हटलं, बसायला बाक ठेवीन आणि त्या बाकावर बसलेल्या माणसाला समोरच्या मूर्तीची पाटी वाचता येईल एवढी अक्षरं मोठी करीन. नागपूरला उन्हाळ्यात गावाकडून आलेली म्हातारी माणसं दहा मिनिटांत थकून जमिनीवर टेकतात, हे मी बघितलेलं होतं. त्यावर पुढे चांगला अर्धा तास बोलणं झालं. तेव्हा तयारी म्हणून पुस्तकं वाचा, पण त्याहून जास्त जवळचं कुठलंही म्युझियम, अगदी शाळेतलं का असेना, दोन-चार वेळा लक्ष देऊन बघा, लोक कुठं थांबतात, कुठं न बघता पुढे जातात, उजेड कुठून येतो.

आमच्या वर्गात इतिहासवाले, आर्किटेक्चरवाली एक, बॉटनीवाला एक, कॉमर्सची एक असे सगळे होते आणि पहिलं सेमिस्टर सगळ्यांनाच जड गेलं, कोणाला रसायनं तर कोणाला शिल्पशास्त्र. संग्रहालयांचा इतिहास, कायदे, इमारतीची रचना, प्रदर्शन मांडणी, शिक्षणकार्य, व्यवस्थापन, असे बरेच पेपर असतात, त्यांचं मी सगळं सांगत बसत नाही. कायद्याचं मात्र लक्षात ठेवा, १९७२ चा अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स अ‍ॅक्ट. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं, शिल्प हे पुरावशेष, आणि हस्तलिखित असेल तर पंच्याहत्तर वर्षं पुरतात. नोकरीत हे रोज लागतं, कारण लोक घरातल्या पोथ्या घेऊन येतात आणि विचारतात की हे ठेवता का, विकता येतं का.

खरं शिकणं सुरू झालं ते डॉक्युमेंटेशनच्या, म्हणजे वस्तूंच्या नोंदी करण्याच्या प्रॅक्टिकलला. आम्हाला प्रत्येकी एक वस्तू दिली, मला पितळेची समई आली, आणि सांगितलं की हिचा कंडिशन रिपोर्ट, म्हणजे आज ती कोणत्या स्थितीत आहे ते, लिहा. उंची, रुंदी, वजन, "स्थिती चांगली" असं लिहून दिलं की झालं असं कोणालाही वाटेल, पण मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की "चांगली" हा शब्द रिपोर्टात येता कामा नये. मग काय लिहायचं? तर हे लिहायचं की तळाच्या कडेला, घड्याळात चारचा आकडा असतो त्या जागी, एक खोच आहे, तीन मिलिमीटर लांब, कडा गुळगुळीत म्हणजे जुनी. मधल्या दांड्याच्या आट्यांमध्ये काळपट चिकट थर आहे, बहुधा तेल. वरच्या पात्रात एका वातीच्या खाचेत फिकट हिरवी पावडर आहे, बोटाने नाही तर बांबूच्या काडीने हलकं टेकवून बघितलं, सुटते. ही फिकट हिरवी पावडर तांब्याच्या वस्तूंवर दिसली की सावध व्हायचं, क्लोराइडमुळे ती होते आणि हवेतला ओलावा मिळत गेला तर आतला धातू खात जाते, जुन्या तांब्यावरचा जो गडद हिरवा घट्ट थर असतो तो वेगळा, तो उलट राखायचा असतो. त्या एका समईसमोर मी अख्खी दुपार बसले होते. एवढं लिहिल्यावर उद्या कोणीही, मला न ओळखणारा माणूस, तो कागद घेऊन त्या समईसमोर बसला तर त्याला कळेल की मधल्या काळात काय बिघडलं. रिपोर्टाचा उपयोग हाच.

मग नोंदवही. अ‍ॅक्सेशन रजिस्टर म्हणतात त्याला, आणि म्युझियममध्ये आग लागली तर आधी काय वाचवायचं या प्रश्नाचं माझं उत्तर तेव्हापासून रजिस्टर हेच आहे. बांधणीची वही, पानांवर छापील नंबर, पान फाडायचं नाही, खोडरबर नाही, व्हाइटनर तर नाहीच, चुकलं तर एकच आडवी रेघ, जुनं वाचता येईल अशी, आणि बाजूला सही-तारीख. वस्तूला नंबर असा की वर्ष, मग त्या वर्षातली कितवी खेप, मग त्या खेपेतली कितवी वस्तू. आणि तो नंबर वस्तूवर कसा घालायचा याचंही शास्त्र आहे. दगड, धातू, भाजलेली माती असेल तर न दिसणारी, पण सहज सापडणारी जागा बघायची, तिथं पॅरालॉइड बी-७२ हे राळेसारखं द्रव्य अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून त्याचा नखाएवढा पट्टा मारायचा, वाळू द्यायचा, त्यावर बारीक निबने काळ्या शाईत नंबर, वाळला की वरून परत एक पातळ हात. उद्या काढायचा झाला तर अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने निघतो, वस्तूला डाग राहत नाही. कापडाला हे चालत नाही, तिथं सुती फितीवर लिहून दोन टाके घालायचे. कागदाला मऊ पेन्सिल. नाण्यावर काहीच लिहायचं नाही, नंबर पाकिटावर. माझं अक्षर बरं आहे म्हणून वर्गात सगळे माझ्याकडून नंबर घालून घ्यायचे आणि मला ते काम अजून आवडतं.

प्रकाशाचा धडाही असाच डोक्यात बसला. कापड, कागद, लघुचित्रं, जलरंग यांच्यावर ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) वर उजेड नको, तैलचित्रांना २०० पर्यंत चालतो. प्रेक्षक तक्रार करतात की म्युझियमवाले अंधार करून ठेवतात, पैसे वाचवतात. तसं नसतं. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही आणि आज पडलेला उजेड कालच्यात जमा होत जातो, त्यामुळे एखादी पैठणी शंभर वर्षं टिकवायची तर तिला वर्षातले बरेच महिने कपाटात झोपवावंच लागतं.

बडोद्याच्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा आणि अकोट्याच्या जैन कांस्यमूर्ती याबद्दल खूप लिहिता येईल पण ते राहू दे, कारण मला डेझर्टेशनबद्दल, म्हणजे पीजीच्या शेवटी लिहायच्या प्रबंधाबद्दल लिहायचंय.

डेझर्टेशनला मी नागपूरचा विषय घेतला. एका जुन्या ट्रस्टचा छोटा संग्रह आहे, नाव लिहीत नाही, दोन खोल्या आणि एक माळा, त्यात पितळी भांडी, पगड्या, पोथ्या, शस्त्रं आणि सगळ्यात भारी म्हणजे तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल. बाहेरच्यांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे पोरं लाकडी बैल घेऊन निघतात, कोणाचा वीतभर, कोणाचा माणसाच्या कमरेएवढा, चाकावरचा. या संग्रहात दोन्ही टोकांचे होते. आणि मोठ्या बैलांना पोटापाशी लांब भेगा पडत होत्या, रंगाचे पापुद्रे सुटत होते. ट्रस्टची मंडळी मनापासून काळजीत होती आणि ऑइलपेंट आणून ठेवलेला होता, पोळ्याच्या आधी एकदा रंगवून घेऊ म्हणून.

मी म्हटलं दोन महिने थांबा. एका बैलाच्या मानेवर सुटलेल्या पापुद्र्याच्या कडेला भिंगातून बघितलं तर वर पांढरा, त्याखाली पिवळा, त्याखाली लाल, आणि मग लाकूड. म्हणजे वर्षानुवर्षं कोणीतरी पोळ्याला त्याला नवा रंग देत आलेलं, त्या घराचे सगळे पोळे त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये होते. वरून ऑइलपेंट मारला की ते कायमचं झाकलं जाणार होतं. लाकूड कुठलं ते मला खात्रीने सांगता येईना, सगळे म्हणत होते सागवान, मी कार्डावर "लाकूड, ओळख बाकी" एवढंच लिहिलं. अंदाज लिहिला की पुढचा माणूस तो खरं मानून चालतो.

भेगा का पडताहेत हे शोधायला तापमान-आर्द्रता मोजणारे डेटा लॉगर लावले, काडेपेटीएवढी उपकरणं असतात, दर काही मिनिटांनी नोंद करत राहतात. मे महिना होता. नागपूरचा मे म्हणजे पारा ४५ च्या घरात, हवा कोरडी ठणठणीत, आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास. आणि खोलीत होता कूलर. आपल्याकडचा तो मोठा पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा. सकाळी दहाला खोली उघडली की कूलर चालू, दुपारपर्यंत आर्द्रता साठ-सत्तरला, संध्याकाळी खोली बंद, कूलर बंद, रात्रीतून परत खाली. आलेखावर रोज एक डोंगर. लाकूड ओलावा घेतं तेव्हा फुगतं, सोडतं तेव्हा आकसतं, आणि बाहेरचा भाग आतल्या गाभ्यापेक्षा आधी आकसतो म्हणून तडकतो. नुसता कोरडेपणा किंवा नुसता ओलावा लाकूड बराच काळ सोसतं, पण हे रोजचं वरखाली सोसत नाही. पुस्तकात थंड देशांच्या हीटिंगची उदाहरणं असतात, आपला कूलर कुठंच नसतो, आणि विदर्भातल्या निम्म्या जुन्या संग्रहांचा खरा शत्रू मला तरी हाच वाटतो.

तिथं एक जुने कर्मचारी होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांना आलेख दाखवला तर ते म्हणाले, "ताई, कूलर बंद केला तं मे महिन्यात आम्ही इथं बसाव कसं, तेवढं सांगा." एकदम बरोबर प्रश्न. म्हणून कूलर काढला नाही, बैल हलवले. मधली एक खोली होती जिला बाहेरची भिंत नाही, रद्दी आणि तुटक्या खुर्च्यांनी भरलेली, ती रिकामी केली, बैल तिथं नेले, भिंतीपासून हातभर सोडून लाकडी फळ्यांवर ठेवले, धुऊन कांजी काढलेल्या मांजरपाटाने झाकले, आणि मामांची खुर्ची कूलरसकट बाहेरच्या खोलीत. डांबरगोळ्या सगळ्या काढून टाकल्या. पावसाळ्यात आर्द्रता ऐंशीच्या वर जाते तेव्हा पोथ्यांच्या बंद कपाटात ओलावा शोषून घेणारं सिलिका जेल. आलेखावरचे डोंगर टेकड्या झाले, भेगांचे दर महिन्याला पट्टी ठेवून फोटो काढत होतो, त्या वाढायच्या थांबल्या. सुटलेले पापुद्रे चिकटवायचं काम मी केलं नाही, ते प्रशिक्षित कॉन्झर्व्हेटरचं आहे, त्यासाठी बाहेरून माणूस आला. म्युझियॉलॉजी शिकलेल्याने कुठं हात लावायचा नाही हे कळणंही या शिक्षणाचाच भाग आहे.

पण त्या उन्हाळ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम दुसरंच झालं. त्या संग्रहाला रजिस्टर नव्हतं, होतं ते एकदा पाणी गळून गेलं होतं. कुठला बैल कुठून आला कोणालाच माहीत नव्हतं, मामा सोडून. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून त्यांना एकेका वस्तूसमोर उभं केलं. "हा ना ताई, इतवारीतल्या वाड्यातून आला, मालकाचा पोरगा पुण्याले गेला अन् वाडा पाडला तवा. हा महालातला. अन् हे दोन जोडीचे आहेत, यांले तोडू नका, एकाच सुताराचे आहेत, शिंगं पाहा ना." शिंगं पाहिली, खाचा एकसारख्या, दोन्हीच्या. दोघांना संग्रहात वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेलं होतं. ते सगळं मी जसंच्या तसं लिहून काढलं, माहितीचा स्रोत म्हणून मामांचं नाव, तारीख, आणि "लेखी पुरावा नाही" असा शेरा. गुंगेरियाच्या कुऱ्हाडीबद्दल मला जे छळत होतं त्याचं उत्तर देण्याची वेळ इथं माझ्यावर आली होती. आता पुढच्या कोणाला कळेल की हा बैल इतवारीचा, ही जोडी एकाच सुताराची, आणि हे कोणाच्या सांगण्यावरून कळलं तेही कळेल.

आता बाबांच्या प्रश्नाकडे, नोकरी. सरळ सांगते, कायम सरकारी जागा कमी निघतात आणि उशिरा निघतात. महाराष्ट्रात पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाची संग्रहालयं आहेत, अजब बंगला त्यातलाच, तिथं अभिरक्षक म्हणजे क्युरेटर वगैरे पदं असतात. केंद्राची संग्रहालयं आहेत, विज्ञान केंद्रांची वेगळी राष्ट्रीय परिषद आहे, रमण विज्ञान केंद्र तिच्याखाली येतं. पण पास झाल्या झाल्या जे काम मिळतं ते बहुतेक कंत्राटी, डॉक्युमेंटेशन किंवा डिजिटायझेशन प्रोजेक्टवर, सहा महिने, वर्षभर. मी तशी दोन कामं केली, त्यात पुण्याच्या सी-डॅकने म्युझियमसाठी बनवलेलं जतन सॉफ्टवेअर वापरायला मिळालं, आणि पगार जेमतेम होता, भाडं-मेस जाऊन फार काही उरत नव्हतं. घरची जबाबदारी लगेच अंगावर असेल तर हे गणित आधी मांडा. यूजीसी नेट या प्राध्यापकी-संशोधनासाठीच्या परीक्षेत "म्युझियॉलॉजी अँड कॉन्झर्व्हेशन" हा स्वतंत्र विषय आहे हे अनेकांना माहीत नसतं, त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहेत आणि पीएचडी करताना निवांत संशोधन करता येतं. माझ्या वर्गातली कॉमर्सवाली आज एका कंपनीचं अर्काइव्ह म्हणजे जुनी कागदपत्रं बघते, बॉटनीवाला हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या शीटा डिजिटाइझ करतो. बँका, कारखाने, हॉस्पिटलं, देवस्थानं यांच्याकडे जुना ठेवा आहे आणि तो सांभाळायला माणसं लागतात, फक्त जाहिरातीत "म्युझियम" हा शब्द नसतो, त्यामुळे शोधताना अर्काइव्ह, कलेक्शन, हेरिटेज असं सगळं शोधा.

मी परत नागपूरला आले हा माझा निर्णय होता, मुंबईत थांबले असते तर मोठी प्रदर्शनं करायला मिळाली असती. पण इथं काम पडून आहे. मनसर, नगरधन, पवनी, माहुरझरी, उत्खननाच्या एवढ्या जागा आपल्या अवतीभवती, चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू आहेत, गोंड राजांचं शहर आहे हे, भोसल्यांचं आहे, आणि गावोगाव शाळेच्या कपाटात, देवळाच्या ओसरीवर, कोणाच्या माळ्यावर वस्तू पडल्यात ज्यांच्याबद्दल माहिती असलेला एकच म्हातारा माणूस जिवंत आहे. तो गेला की वस्तू राहील आणि गोष्ट जाईल. मला हे बघवत नाही, अगदी खरं सांगते.

तेव्हा ज्यांना यायचंय त्यांनी या. केमिस्ट्री येत असेल तर उत्तम, मोडी वाचता येत असेल तर त्याहून उत्तम, नसेल येत तर मोडीचे वर्ग आत्ताच लावा, पीजी सुरू व्हायची वाट बघू नका. फोटो नीट काढायला शिका, पट्टी आणि नंबरसकट. अर्ज करायच्या आधी एखाद्या जवळच्या संग्रहात महिनाभर बिनपगारी का होईना काम करून बघा, धूळ, वहीतली तीच तीच ओळ, पुन्हा पुन्हा मोजमाप हे सगळं करताना दुपार कशी गेली ते कळलं नाही असं होतंय का ते बघा. होत असेल तर माहितीपत्रकं मागवायला लागा, बाकीचं घरच्यांना मी समजावून सांगीन. मैत्रिणीच्या बहिणीला मी येत्या सोमवारपासून त्याच ट्रस्टच्या माळ्यावर बोलावलंय, पगड्यांची नोंद अजून व्हायचीय.